मार्लिसचा शेवटचा पेपर

मार्लिस हेइक्किलाला पदवीचं खूळ लागलं ते बेचाळिशीत, आणि तुरुंगातल्या मंडळींना थट्टेला आयता विषय मिळाला. मिशिगनच्या उत्तर टोकाला, जिथं उन्हाळा पाहुण्यासारखा येऊन जातो, तिथल्या तुरुंगात ती रक्षक होती. कैद्यांची समुपदेशक व्हायचं तर पदवी हवी. म्हणून बाईनं घरबसल्या, ऑनलाइन, तुरुंग आणि फौजदारी न्याय या विषयाचा अभ्यास धरला. ड्युटी, चूल, आजारी सासू, सगळं सांभाळून पाच वर्षं! दुसऱ्या कुणी केव्हाच हात टेकले असते.

कॅप्टन ड्युकेट जाता-येता टोमणा मारायचे, "काय बाई, पुस्तकानं कुलूप उघडतं का?"

"कुलूप किल्लीनं उघडतं, साहेब. माणूस बोलल्यानं उघडतो," असं म्हणून ती चालू लागायची.

त्या गुरुवारी संध्याकाळी सहाला तिचा शेवटचा पेपर होता. सव्वासहापर्यंत हजर झालं नाही, तर पुढची संधी थेट मे महिन्यात. आणि समुपदेशकाच्या जागेसाठी अर्ज करायची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. सात वर्षांनी जागा निघाली होती. पुढची निघेपर्यंत मार्लिस घरी बसून मोजे विणत असती.

चार वाजता मोजणी सुरू झाली. प्रत्येक कैदी आपापल्या खाटेपाशी उभा राहतो, रक्षक मोजतो आणि आकडा वर कळवतो. सगळ्या तुरुंगाची बेरीज जुळल्याशिवाय कुणाला घरी जाता येत नाही, मग बायको बाळंत होत असली तरी. मार्लिसच्या बराकीत कागदावर चौसष्ट होते. तिनं मोजले त्रेसष्ट. पुन्हा मोजले. त्रेसष्टच. एक्केचाळीस नंबरची खाट रिकामी होती.

तिनं कळवलं. सगळ्या बराकींचे आकडे गोळा होईतो पाऊण तास गेला, तेव्हा कुठं कॅप्टनचा फोन आला. "अगं, स्वयंपाकघरवाल्यांनी एक माणूस जास्त नेला असणार आणि लिहायचं विसरले असणार. दर आठवड्याला हाच घोळ! तू चौसष्ट सांग, मी नंतर निस्तरतो."

"स्वयंपाकघरात विचारलंत का, साहेब?"

"विचारतोय. पाच वाजत आलेत, मार्लिस. तुझा पेपर आहे ना आज? चौसष्ट म्हण आणि पळ."

खोटं कशाला सांगा, तिच्या तोंडाशी चौसष्ट आलं होतं. पाच वर्षं डोळ्यांसमोरून गेली. पण जुने रक्षक नव्यांना पहिल्याच दिवशी शिकवतात, जिवंत कातडी दिसल्याशिवाय माणूस मोजायचा नाही. तिनं स्वतः कितीतरी जणांना हे दरडावून शिकवलं होतं.

"त्रेसष्ट," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांना त्रेसष्ट दिसतात, तेवढेच सांगणार."

"मग बस बोंबलत!" कॅप्टननी फोन आपटला.

एक्केचाळीस नंबरचा पेल्टियर कुठाय, असं तिनं बराकीला विचारलं. तिथं दुसऱ्याबद्दल तोंड उघडणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. शेवटी एक म्हातारा कैदी जमिनीकडं बघत पुटपुटला, "लाँड्रीतून परत आलाच नाही, मॅम. सकाळपासून हातपाय कापत होते त्याचे."

लाँड्रीला तर साडेतीनलाच कुलूप घातलं होतं! मार्लिसनं फोनवर इतका आरडाओरडा केला, की कॅप्टन स्वतः किल्ल्या घेऊन धावले. चादरींच्या गाड्यांमागं पेल्टियर बेशुद्ध पडला होता. त्याची साखर पार उतरली होती. नर्सनं सुई टोचली, मग म्हणाली, "अजून अर्धा तास गेला असता, तर हा हाती लागला नसता."

बेरीज जुळायला साडेपाच वाजले. मार्लिस गाडीपाशी आली, तर चाकं बर्फात अर्धी बुडालेली आणि रस्ता कुठाय ते दिसेना. आता मात्र तिला रडू फुटलं. तिनं नवऱ्याला फोन लावला. रेनो रस्त्यावरचा बर्फ हटवणारी सरकारी गाडी चालवायचा.

"रेनो, गेलं रे सगळं."

"काय गेलं? डोळे पूस आणि गाडी सुरू कर. तुरुंगापासून घरापर्यंतचा रस्ता आज माझ्याकडंच आहे. घराकडून सुरू करायचा, तो तुझ्या टोकाकडून करतो, एवढंच. पाच मिनिटांत फाटकाशी आलो."

पुढं बर्फ उडवत रेनो, मागं मार्लिस, असे अकरा मैल. सहा वाजून नऊ मिनिटांनी ती बुटांसकट स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. संगणकाच्या पडद्यावर परीक्षेची देखरेख करणारी बाई आली, कडक चेहऱ्याची. म्हणाली, "टेबलाखाली दाखवा. खिसे उलटे करा. बाह्या वर. कानामागं दाखवा."

मार्लिसला हसू आवरेना. "एकोणीस वर्षं मी लोकांची झडती घेतेय, आज माझी वेळ आली! बाई, बुटात बघायचं राहिलं तुमचं."

"मग बूटही काढा," बाई म्हणाली. पण तीही हसली.

साडेआठला शेवटचं उत्तर देऊन मार्लिसनं बटण दाबलं. निकाल तिथल्या तिथं लागला. उत्तीर्ण, तोही पहिल्या वर्गात. तिनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून आतल्या खोलीतली सासू ओरडली, "मेलं का कुणी?"

"नाही हो आई! पास झाले, पास!"

शुक्रवारी सकाळी तिनं अर्ज कॅप्टनच्या टेबलावर ठेवला. त्यावर त्यांची सही लागत होती. त्यांनी एकदा नव्हे, दोनदा वाचला. सही केली, पण कागद काही सोडेनात.

"काल मी तुला खोटं बोलायला सांगितलं," ते म्हणाले. "तू ऐकलं असतंस, तर आज मी पेल्टियरच्या आईला फोन करत असतो." मग दाराकडं बघून आवाज खाली आणला. "मीसुद्धा ही पदवी धरली होती. दुसऱ्या वर्षी सोडली. लाजेनं कुणाला बोललो नाही. या वयात परत घेतील का गं मला?"

पाच वर्षांचे सगळे टोमणे मार्लिसच्या ओठांवर आले. तिनं ते गिळले आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.

"न घ्यायला काय झालं? संगणक उघडा, साहेब. आत्ताच नाव घालू. पण आधीच सांगून ठेवते, अभ्यासात कुचराई केलीत, तर गाठ माझ्याशी आहे."