साबणाचा हिरवा

लेकाचं कुठेतरी चुकलं, असं म्हणणारी ती नव्हती. तिच्या मते तो महिनाभर चुकतच होता.

छापखान्यात दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडून स्वारी बसली. एकात चित्रकामाचं फुकटचं सॉफ्टवेअर, दुसऱ्यात विकतचं, तेही तीस दिवस वापरून बघायला मिळालेलं. कुठलं ठेवायचं ते ठरवायचं होतं. तीस दिवस यानं मांजराच्या फोटोतल्या मिशा कापल्या, बायकोच्या फोटोतली भिंत पुसली आणि वहीत दोन्ही सॉफ्टवेअरना गुण दिले. साबणवाल्यांचं वेष्टण मात्र शेवटच्या दिवशी, घाईघाईनं, विकतच्यात केलं. एकतिसाव्या दिवशी मुदत संपून ते सॉफ्टवेअर बंद पडलं.

आणि आज साबणवाले समोर खुर्चीत. "वजन बदललंय वहिनी, तेवढा आकडा बदला. दुपारी छापून हवं, नाहीतर मला दुसरीकडे जावं लागेल."

वीस वर्षं त्यांच्या वेष्टणाचा हिरवा रंग तिनं स्वतःच्या हातानं कालवला होता. अक्षरं तिला जेमतेम लागत, पण रंगात कुणी फसवून दाखवावं!

सुनेनं फाइल फुकटच्यात उघडली. "आई, सगळं चिकटून एक झालंय. आकडा सुटा निघत नाही."

"मग खोड की."

"खोडला तर खालच्या चित्रातली पानंही जातात."

"फुकटच्याला सत्तावीस गुण आहेत, आई," लेक म्हणाला. "विकतच्याला पंचवीसच."

"आणि या कामाला किती?"

तो वही चाळू लागला.

"अरे, मग विकतचं घेऊन टाक!"

"भरले पैसे. बँकेनं अडवलेत. उद्या सुटतील."

सुनेनं दोन पानांचा बळी देऊन आकडा बसवला. नव्या छपाई यंत्रातून कागद बाहेर आला. पडद्यावर लख्ख हिरवा, कागदावर शेवाळ.

"पडद्यावर उजेडाचा रंग असतो," लेक पुटपुटला. "छपाईच्या शाईचं गणित फुकटच्यात नीट जमत नाही."

शाईत चमचाभर पिवळा पडला असता तर काम झालं असतं. तिचे हात शिवशिवले. पण घालणार कुठे? या यंत्राला ना डबा, ना तोंड. सून तिच्याकडे बघत होती आणि ती कागदाकडे.

साबणवाल्यांनी कागद उजेडाला धरला, टेबलावर ठेवला. "बघतो," म्हणाले आणि पायऱ्या उतरले. वीस वर्षांत त्यांच्या तोंडून तिनं हा शब्द ऐकला नव्हता. हाक मारावी तर कशाच्या जोरावर?

"आई, अजून एक दिवस मिळाला असता ना..." लेक म्हणाला.

"कामाला हात घालायची भीती वाटते तुला, म्हणून निवडत बसतोस. आणि यावर तुझ्या आईकडे औषध नाही, बाळा."