श्री. रेगे, कॅनडा

पोस्टरवरचा 'श्री.' भीमराज नखानं खरवडत होता. खळ चांगली होती, अक्षर निघेना.

"काहून खरवडून राहिले सर? पोस्टर तर बराबर हाय." ओमप्रकाश छापखान्याचा मालक आणि सांस्कृतिक मंडळाचा सचिवही, त्यामुळं चूक करायला त्याला कुणाची परवानगी लागत नसे. "तुमी लिव्हलं, 'कॅनडाचे रेगे गायक क्लाइव्ह बॅरेट'. येवढ्या मोठ्या माणसाला निसतं रेगे म्हनावं का?"

म्हणून ठळक अक्षरांत छापलं होतं, 'कॅनडाचे सुप्रसिद्ध गायक श्री. रेगे'. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, 'साथसंगत : क्लाइव्ह बॅरेट'.

"रेगे हे गाण्याच्या प्रकाराचं नाव आहे. पोवाडा असतो तसं. माणसाचं नव्हे!"

"असं व्हय? मला वाटलं, बॅरेट तबलजी असंल." ओमप्रकाशनं पिचकारी मारली, आधीच्या पिचकारीशेजारी. "पन हॉल पाहा की. गच्च! तुमच्या कॉलेजच्या इंग्लिश मंडळाला सतरा मानसं यायची, त्यात तिघं शिपाई."

ते खरं होतं, म्हणून भीमराजला जास्त किळस आली. नागपूरच्या परिषदेला आलेल्या क्लाइव्हला एका दुपारपुरतं हिंगोलीला आणायला त्यानं आठ पत्रं लिहिली होती. आणि पहिल्या रांगेत शाल सावरून बसले होते निवृत्त तहसीलदार.

"रेगे म्हणजे आपल्यातलेच हो," ते शेजारच्या वकिलांना सांगत होते. "कोकणाकडचे. नाट्यपदं म्हणतील."

भीमराजच्या घरचा चहा हे गृहस्थ दहा वर्षं 'आत्ताच झाला' म्हणून टाळत आले होते. खरं सांगितलं तर ते उठतील, त्यांच्यामागं हॉल उठेल, आणि जमैकात जन्मलेला छप्पन्न वर्षांचा माणूस रिकाम्या खुर्च्यांना गाऊन दाखवील.

क्लाइव्ह विंगेत गिटारची तार पिळत होता. एकोणिसाव्या वर्षी तो टोरोंटोला गेला. आठवडाभर कोंबड्या पॅक करायचा कारखाना, सुटीला तळघरातल्या क्लबात गाणं. दोन रेकॉर्ड निघाल्या. एकदा रेगे विभागातलं बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी बक्षिसांतला तो विभागच बंद झाला.

"ते मोठं काय लिहिलंय?" त्यानं भिंतीवरच्या पोस्टरकडं बोट दाखवत इंग्रजीत विचारलं.

"रेगे."

"आणि खालचं बारीक?"

"तुमचं नाव."

क्लाइव्हनं गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"कॅनडात माझ्या पोस्टरवर कायम 'बेटांवरची गाणी' छापायचे. मी भांडायचो, 'रेगे' छापा. म्हणायचे, लोकांना तेवढंच कळतं. इथं गाणं आधी, गाणारा मागं." त्यानं डोळे पुसले. "काय माणसं आहात तुम्ही!"

भीमराजनं पाणी मागितलं. कुणीतरी पाण्याचा पेला दिला. कड तेलकट होती. तो तसाच प्याला.

पडदा सरकला. क्लाइव्हला पाहून हॉलभर कुजबुज पसरली.

"रेगे यायचेत ना अजून?" तहसीलदारांनी मोठ्यानं विचारलं.

तेवढा एकच शब्द क्लाइव्हला कळला. छातीवर हात ठेवून तो वाकला. "रेगे!"

तहसीलदारांनी शाल पुन्हा सावरली. मग अर्धवट उठलेल्या वकिलांना म्हणाले, "बसा, बसा. गोव्याकडचे दिसतात."

ओमप्रकाशनं माइक भीमराजच्या हातात कोंबला. "सर, पाव्हन्याची वळख करून द्या."

भीमराजनं घसा साफ केला.

"आजच्या पाहुण्यांची ओळख करून द्यायची गरज नाही."

टाळ्या पडल्या. क्लाइव्हनंही वाजवल्या.