क्लेमाची गाठ

पोरं पोती ओढत गल्लीत वळली, तेव्हा क्लेमा खिडकीच्या पडद्याआड उभी होती. उभी कसली, लपलीच होती म्हणा ना.

शाळेमागचा नाला पोरांनी आठवडाभर उपसला होता. गेल्या पावसात तो प्लास्टिकने तुंबला नि पहिलीच्या वर्गात कमरेइतकं पाणी शिरलं. तेव्हा पोरांनी ठरवलं, ज्याचा कचरा त्याला घरपोच. समोरच्या रुबेन दुकानदाराच्या दारात बाटल्यांचं पोतं पडलं. तो आधी फणफणला, मग खजील होऊन मुकाट्याने पोतं आत घेऊन गेला.

क्लेमाने पडदा आणखी ओढून घेतला. नवऱ्याची होडी बुडाल्यापासून ती चारामुस्का विकून घर चालवत होती. चिंचेचं नाहीतर नारळाचं सरबत चिमुकल्या प्लास्टिकच्या पिशवीत भरायचं, गाठ मारायची, गोठवायचं. खाणारा खालचा कोपरा दातांनी तोडून चोखतो, पिशवी भिरकावतो. गाठ तशीच राहते. गावात विकणाऱ्या तशा बऱ्याच, पण पीळ देऊन शेपूट आत खुपसलेली गाठ एकट्या क्लेमाची. आईने शिकवलेली. केवढा तोरा होता तिला! चारचौघींत म्हणायची, माझी गाठ देवालासुद्धा सुटायची नाही. आणि खरंच, नाल्यात वर्षानुवर्षं कुजत पडूनही ती सुटली नव्हती.

पोरं तिच्या दारापाशी आली. पोरांबरोबर आलेल्या शाळेच्या बाईंनी हात हलवला, "बरं आहे ना, क्लेमाआजी?" आणि सगळी पुढे निघून गेली.

सुटले बाई, असं वाटलं तिला. क्षणभरच. लगेच स्वतःचीच लाज वाटली. रुबेनला मिळालं, मग आपल्याला का नाही? आणि आपली नात नोएमी पोरांत का दिसली नाही?

नोएमी मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीआड सापडली. शेजारी पोतं, मांडीवर चिखलाळ पिशव्यांचा ढीग, हातात कात्री. एकेक गाठ कापून ती राखेच्या खड्ड्यात टाकत होती. पिशव्या धुवायचं काम तिने शाळेत आपणहून मागून घेतलं होतं.

"काय करतेयस गं?"

नोएमी दचकली नाही. मान खाली घालूनच म्हणाली, "गाठ नसली की कुणाच्या ते कळत नाही. मी बाईंना सांगितलं, ओळखू येत नाहीत म्हणून."

"खोटं बोललीस?"

"मग काय करू? पहिलीच्या वर्गात पाणी आजीमुळे शिरलं, असं सांगू?"

क्लेमा तिच्याजवळ खाली बसली. या पोरीला तिने मासा साफ करायला शिकवलं, प्रार्थना शिकवली, आणि आज बसल्या जागी खोटंही शिकवलं होतं. तिने नोएमीच्या हातातून कात्री काढून घेतली. न कापलेल्या गाठी अजून अर्धं पोतं होत्या. त्या तिने पोत्यात भरल्या, वर कापलेल्याही वेचून घातल्या, आणि पोतं ओढत भर दुपारी गल्लीत आली.

"पोरांनो," तिने हाक मारली, "एक घर राहिलं तुमचं."

पोरं थांबली. कुणी हसलं नाही. रुबेन दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. क्लेमाने पोतं स्वतःच्या उंबऱ्यावर उपडं केलं. साऱ्या गल्लीला ओळखू येतील अशा गाठी, ऊन पडून चकाकत होत्या.

मागून नोएमी आली. आजीकडे न बघता खाली बसली आणि आजीबरोबर पिशव्या गोळा करू लागली.