यादीबाहेरचा लिंब

"चारशे बारा, बाभूळ," कचरूनं आरोळी दिली आणि ब्रश चुन्याच्या डब्यात टाकला. जीपमध्ये बसलेल्या बांधकाम खात्याच्या मोनाली मॅडमनी यादीत लिहिलं. पुढचं झाड कडुलिंबाचं, बोरीफाट्यावरचं, एका माणसाच्या कवेत न मावणारं. ओळखीचा माणूस चुकवून जावं तसा कचरू त्याच्यावरून गेला. मॅडम फोनवर होत्या.

"चारशे तेरा, चिंच!"

कचरू मैलकुली. राजूरच्या रस्त्यातले आठ किलोमीटर त्याच्याकडे: खड्डे बुजवायचे, गवत काढायचं, दर दिवाळीआधी झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे. तीस वर्षांत त्यानं खात्याचं फावडंसुद्धा घरी नेलं नव्हतं. हे तो न विचारता सांगायचा, म्हणून कुणी विचारत नसे. आता रस्ता रुंद होणार होता. नंबर पडला ते झाड गेलं, एवढं साधं त्याचं गणित.

लिंब त्यानंच लावलेला, डांबराच्या रिकाम्या पिंपानं पाणी घालून. गावानं फाट्यावर निवाऱ्यासाठी अर्ज केला होता. उत्तर आलं, वळणापासून ठरलेल्या अंतराच्या आत निवारा बांधता येत नाही. लिंबाला हा नियम कुणी वाचून दाखवला नव्हता. तो वाढत गेला. एसटीचे ड्रायव्हर लिंब बघून ब्रेक दाबत. कचरूची बायको साळूबाई रोज साडेसातच्या गाडीनं दुर्वा-जास्वंदाची पाटी घेऊन राजूरच्या गणपतीला जायची. तिचे गुडघे गेले होते. लिंबाच्या मुळीवर बसायचं आणि गाडी पायाशी यायची, एवढ्यावर तिचा धंदा टिकून होता.

शेवटच्या पानावर मॅडमनी कचरूची सही घेतली: 'सदर हद्दीत यादीव्यतिरिक्त एकही झाड नाही.' सही नेहमीसारखी सुबक आली.

"लिंब सोडला," रात्री तो म्हणाला.

"तुम्ही? आन् खोटं?" साळूबाईनं भाकरी उलटवली. "तीस सालात पयल्यांदा. पेढे वाटा."

"लिहिलंच न्हाई, मंग खोटं कसं?"

"आता सायबावानी बोलायले की!"

यादी परवानगीला गेली. शहरातल्या कुणी तरी हरकत घेतली, सुनावणी लागली, आणि लेखी हुकूम आला की निर्णय होईपर्यंत यादीतल्या एकाही झाडाला हात लावायचा नाही. चारशे बारा नंबरची अर्धी वाळलेली बाभूळसुद्धा सरकारच्या छत्राखाली आली.

वैशाखात ठेकेदाराचा मुकादम राधेश्याम करवतीचं मशीन घेऊन हजर झाला. प्रत्येक झाडाचा नंबर यादीत बघायचा आणि चरफडत पुढं जायचा. लिंबाभोवती मात्र त्यानं दोन फेऱ्या मारल्या.

"मामा, याला नंबर न्हाई."

"म्हणून तर त्याला हात लावू नको."

"उलटं बोलून राह्यले तुम्ही. नंबर असता तर माझी काय हिंमत? जेल होईल. हे तर कागदावरच न्हाई. जे न्हाईच, ते तोडलं तर काय तोडलं? तीन रोजपासून मशीन नुसती बसून राह्यली."

"बारापर्यंत थांब. मॅडमला भेटून येतो."

"बारापर्यंत. जुबान दिली."

कचरू मिळेल त्या गाडीनं ऑफिसात पोचला. "मॅडम, एक झाड लिहायचं राह्यलं."

"यादी गेली ना, कचरूभाऊ. आता वाढवायची म्हणजे सगळी मोजणी पुन्हा. राहिलं कसं?"

"राह्यलं न्हाई. म्या मुद्दाम सोडलं."

मॅडमनी उठून दार लोटलं. यादीचं शेवटचं पान काढून त्याच्यापुढं धरलं. खाली ती सुबक सही.

"पाच महिन्यांनी रिटायर होताय. मी हे लिहून घेतलं तर चौकशी लागेल, पेन्शन अडकेल. आणि झाड काही आजच्या आज यादीत येणार नाही." त्यांनी आवाज बारीक केला. "तुम्ही बोललात ते मी ऐकलं नाही. घरी जा."

इतक्या मायेनं त्याला आजवर कुठल्या साहेबानं बाहेर काढलं नव्हतं. 'लिहून घ्या' असे शब्द त्याच्या ओठांवर आलेही. पण साळूबाईचे गुडघे आठवले, त्यांची औषधं आठवली. तो रामराम घालून निघाला.

फाट्यावर उतरला तेव्हा एक वाजला होता. ऊन सरळ डांबरावर पडलं होतं. राधेश्याम फांद्या ट्रॉलीत भरून घेत होता.

"बराबर बारा वाजेपर्यंत थांबलो, मामा," तो म्हणाला. खोटं नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कचरू डबे घेऊन फाट्यावर गेला. बुंधा जमिनीपासून वीतभरच उरलेला, बाजूला पट्टा मारायला जागा नव्हती. त्यानं वरच गोल गेरू फासला आणि त्यावर जाड चुन्यानं लिहिलं: ४१२ अ. चारशे तेरा चिंचेला दिलेला होता.

साळूबाई पाटी घेऊन आली. सवयीनं मुळीची जागा चाचपली आणि बुंध्यावर बसली. चुना वाळायचा होता. कचरू तोंड उघडणार तोच वळणावर एसटी दिसली.

ड्रायव्हर खूण शोधत पुढं गेला आणि पन्नासेक पावलांवर थांबला. हॉर्न वाजला. साळूबाई पाटी डोक्यावर घेऊन लंगडत पळत सुटली. तिच्या पातळाच्या मागं नंबर उमटला होता, ओला, उलटा.

कचरूनं ब्रश उचलला आणि बुंध्यावरचा पुसट झालेला आकडा पुन्हा गिरवला.