विम्यात न बसणारा मामा

भिकुबाईची कंबर धरली की तिला ताठ उभं राहता येत नसे. एका हाताने भिंतीचा आधार घेत, जमिनीकडे बघत ती घरातल्या घरात फिरे. तरुणपणी वर्षानुवर्षं जिनिंगमध्ये कापसाची ओझी वाहिली होती, त्याची किंमत म्हातारपणी पाठ मोजत होती.

तिचा मुलगा शालिग्राम जळगावला एका पाइपच्या कारखान्यात होता. पगारातून विम्याची कपात होई आणि कार्डावर आईचंही नाव होतं. त्यामुळे विम्याच्या दवाखान्यात तिला गोळ्या मिळत, पाठीचा फोटो काढून मिळे, कमरेचा पट्टाही मिळाला होता. सगळं मिळे, गुण तेवढा येत नसे.

गुण येई तो तोताराममामाच्या हाताने. तोताराम हा भिकुबाईचा धाकटा भाऊ, राहायला धुळ्याजवळ फागण्याला. पोट शेतमजुरीवर, पण आसपासच्या गावांत ओळख हाडं बसवणारा म्हणून. ज्यांच्या ओट्यावर त्याला कधी कुणी बस म्हटलं नाही, त्यांच्याही लचकलेल्या पाठी त्याने त्यांच्याच खळ्यात सरळ करून दिल्या होत्या. बायको मागेच वारलेली, मूलबाळ नाही. बहिणीचा निरोप पोचला की तो मिळेल ती एसटी धरून जळगावला येई. तिला गोधडीवर पालथी निजवी, कोमट तेल लावून मणका न् मणका चाचपत खाली सरके आणि एका जागी थांबून म्हणे, "अक्का, दम सोड." आतून कट्‌ असा आवाज येई. त्या संध्याकाळी भिकुबाई चुलीपुढे बसून स्वतः भाकरी टाकी.

मामाही थकत चालला होता. जळगावची खेप केली की त्याचं काम बुडे, हे शालिग्रामला दिसत होतं. विम्यातून मामाला काही देता येतं का, म्हणून त्याने दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारून पाहिलं. बाई चांगल्या होत्या. त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं.

"त्यांच्या हाताने तुमची आई सरळ होते, हे मी स्वतः पाहिलंय," त्या म्हणाल्या. "पण मी लिहू कुठे? हाडं बसवणाऱ्याला विमा ओळखतच नाही."

रागवावं तर कुणावर, हे शालिग्रामला कळेना. तो गोळ्या घेऊन घरी आला.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात तोताराम शेतातच कोसळला. लकवा मारला होता. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात काही दिवस ठेवून घेतलं, मग आता हाताला रोज व्यायाम द्या म्हणून घरी पाठवलं. व्यायाम द्यायचा कुणी? पुतण्याची बायको कमलबाई त्याचं खाणंपिणं बघे, पण दिवसभर ती मजुरीला. जळगावला विम्यातून असा व्यायाम मिळतो, असं कारखान्यात कुणीतरी सांगितलं. शालिग्राम आशेने विमा कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने नातं विचारलं. आईचा भाऊ, असं याने सांगितलं.

"आईबाप चालतील, बायको-मुलं चालतील," कारकून म्हणाला. "मामा कुटुंबात बसत नाही."

मामाला बायको-मूल कुणी नाही, हे शालिग्रामने दोनदा सांगितलं. कारकुनाने नियमाचं पुस्तक उघडून त्याच्यापुढे सरकवलं. शालिग्रामने वाचलं, बरोबर आहे म्हणाला आणि बाहेर आला.

पावसाळ्यात भिकुबाईची कंबर पुन्हा धरली, आणि या वेळी सुटेचना. भावाला बघायचंय, एवढंच ती रोज म्हणू लागली. शेवटी एका रविवारी शालिग्राम तिला एसटीने फागण्याला घेऊन गेला.

तोताराम ओसरीत खाटेवर पडून होता. बहीण वाकलेली आत आली तशी त्याची नजर तिच्या तोंडाकडे न जाता कमरेकडे गेली. डाव्या हाताने त्याने तिला खाटेच्या कडेवर, आपल्याकडे पाठ करून बसायची खूण केली. लुगड्यावरूनच त्याची बोटं मणके चाचपत खाली आली आणि नेमकी थांबली.

"आठेच दुखस, भाऊ," भिकुबाई म्हणाली.

पण एका हाताने काय होणार? त्याने शालिग्रामचा हात ओढून त्या जागेवर ठेवला. शालिग्रामने दाबलं तशी भिकुबाई कळवळली. मामा जोरजोरात मान हलवू लागला. दाब कुठून द्यायचा, कधी सोडायचा, सगळं त्याच्या डोक्यात होतं. तोंडातून मात्र नुसता घरघर आवाज येत होता. शालिग्रामने हात थोडा तिरपा करून पाहिला. मामाने तो झटकून टाकला, आपल्या बहिणीला हा इजा करील अशा भीतीने. मग त्याचा हात खाली पडला आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

भिकुबाईने लुगडं सारखं केलं. "राहू दे," ती म्हणाली. "माले बरं वाटनं."

परत निघताना तिला एसटीची पायरी चढता आली नाही. शालिग्राम आणि कंडक्टरने तिला उचलून आत घेतलं.

त्यानंतर ती फारशी उठलीच नाही. शालिग्राम दवाखान्यात जाई, डॉक्टरीणबाई विचारत, हा तसंच आहे म्हणे, आणि त्या त्याच गोळ्या लिहून देत. थंडी सुरू झाली तेव्हा तोताराम गेल्याचा निरोप आला. भिकुबाईला गाडीत बसवणंही शक्य नव्हतं, म्हणून शालिग्राम एकटाच मातीला जाऊन आला.

रात्री तो परतला तेव्हा माय जागीच होती. ती रडली नाही. कमलबाई त्याच्या हाताला तेल लावत होती का, एवढंच तिने विचारलं.

"रोज लावायची," शालिग्राम म्हणाला. कमलबाईला त्याने तसं काही विचारलं नव्हतं.