टोकाचा घड

नेब्बिओलो या इटालियन द्राक्षाला घाई खपत नाही, हे बाबांचं पालुपद. मालकांच्या उतारावर त्यांनीच त्या वेली लावल्या, अठरा वर्षं सांभाळल्या. यंदा कंबर मोडून ते अंथरुणाला खिळले आणि तोडणीचा दिवस ठरवणं लेकीवर आलं. ती त्याच मळ्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. मालकांनी तिला आधीच बजावलं होतं, "ताई, गेली दोन वर्षं पावसामुळे घाईनं तोडावं लागलं. यंदाही वाइन तुरट निघाली, तर वेली उपटणार."

तिनं रस मोजला. साखर पुरेशी, आम्ल बेताचं. त्यातून पावसाचा अंदाज.

"बाबा, परवा तोडूया म्हणते."

"बी चावलीस?"

"सगळं मोजलंय."

"मोजशील गं, मास्तरीणबाई! चावलीस का?"

"हो," ती म्हणाली.

"मग झालं तर."

बी चावायला कितीसा वेळ लागला असता? पण इतकी वर्षं शिकून शेवटी बिया चावत हिंडायचं, याची तिला लाज वाटली होती.

पाऊस आलाच नाही. तीन आठवड्यांनी नवी वाइन पहिल्यांदा चाखली तेव्हा तिची जीभ टाळूला चिकटली. मालकांनी घोट थुंकला, चूळ भरली. "सोमवारी यंत्र येईल," एवढंच म्हणाले.

रविवारी ती उतारावर गेली. प्रत्येक ओळीच्या टोकाला एक घड राखायची बाबांची पद्धत. तोडणाऱ्यांनी ती यंदाही पाळली होती. मणी सुरकुतले होते. तिनं एक तोंडात टाकला, बी तळहातावर काढली. पार तपकिरी. चावली, तर भाजलेल्या दाण्यासारखी कडकन फुटली. तुरटपणा जवळजवळ नव्हताच. साखर केव्हाच भरली होती. बी पिकायला अजून तीन आठवडे हवे होते. तिच्या एकाही आकड्यात ते दिसत नव्हतं.

घड घेऊन ती घरी आली. बाबांनी बी चावली, बराच वेळ घोळवली.

"छान पिकलीय. तेव्हाही अशीच होती ना?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"मग दोष वेलींचाच," बाबा हळूच म्हणाले. "जागाच चुकीची निवडली मी. अठरा वर्षं फुकट. उपटू देत."

त्यांनी उरलेला घड तिच्या हातात परत दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.