चार सोमवारांची डोणी

"पान्याकडं बगू नको. पल्याडच्या उंबराकडं बग, म्हंजी डोणी डुलायची न्हाई."

भागूबाईचा हा आवाज अजून माझ्या लाकडात आहे. मित्रांनो, मी एक जुनी डोणी आहे. डोणी म्हणजे एकाच खोडातून कोरलेली अरुंद होडी. आता मी गोठ्यापुढे पडून असते. माझ्यात पेंड भिजवतात आणि गुरांच्या खरखरीत जिभांनी माझा तळ गुळगुळीत झाला आहे. माझ्या कुशीला पत्र्याचे ठिगळ आहे. ते कसे आले, ते आधी सांगते.

धरण झाले आणि टाकवे गाव व वरची वाडी यांच्यामध्ये पाणी आले. वाडीच्या शिदूने आंब्याचे खोड वाकसाने तासले, निखाऱ्यांनी आतून जाळले आणि मला घडवले. दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हेही केले. सहा वर्षे मी दोन्ही काठांची होते. उतरताना लोक मला हात लावून नमस्कार करत. टाकव्याची लीलाबाई बाळंतपणात अडली, तेव्हा शिदूच्या आईला, सावित्राबाई सुईणीला, भर पावसात मीच पलीकडे नेले. मूल आडवे होते. म्हातारीने दोघांनाही सोडवले. लीलाबाईने तिचा हात धरून शब्द दिला, "मावशी, तुमचं लुगडं मी माज्या हातानं तुमच्या दारी येऊन नेसवीन."

पुढे उन्हाळ्यात पाणी हटले, गाळ उघडा पडला आणि त्यात पेरायचे कोणी यावरून दोन्ही काठांत भांडण पेटले. लीलाबाईचा सासरा रखमाजी कुऱ्हाड घेऊन काठावर आला. शिदू सापडला नाही, म्हणून त्याने घाव माझ्यावर घातला. शिदूने ठिगळ मारले आणि वाडीच्या काठावरच्या उंबराखाली आण घेतली, की त्या घरचे माणूस वाडीतले कोणी पाण्यावरून नेणार नाही. रखमाजीनेही घरात बजावले, "आपली चिंधीबी पल्याड जायची न्हाई." लुगडे पेटीतच राहिले. इकडे सावित्राबाईने अंथरूण धरले. रोज विचारायची, "आली का गं ती?"

आषाढ सरताना टाकव्याच्या काठावर, धुण्याच्या दगडापाशी, लीलाबाईने शिदूच्या बहिणीला, भागूबाईला, हात जोडले. भागूबाई धुणे आपटत म्हणाली, "न्यायची न्हाई अशी आण हाये. शिकवायची न्हाई अशी न्हाई. सरावणात सोमवारी तुमच्या काठावरल्या म्हादेवाला येतीस न्हवं? तितं ये. आईसाटी शिकवते, तुज्यासाटी न्हाई."

वाडीच्या पोरांना भागूबाई खेळ खेळवूनच वल्हवायला शिकवायची. तेच खेळ तिने लीलाबाईला दिले, पण त्यात माया नव्हती. पहिल्या सोमवारी मला गवतावर ठेवून तिने लीलाबाईला डोळे मिटून आत बसवले आणि कधी डावीकडून, कधी उजवीकडून मला ढकलले. तोल राखायचा, एवढाच खेळ. लीलाबाई सात वेळा चिखलात पडली. "पाटलीणबाई, हितं गादी न्हाई हातरली," भागूबाई म्हणाली. लीलाबाई काही बोलली नाही.

दुसऱ्या सोमवारी पळसाची पाच पाने पाण्यावर सोडली. ती वेचून आणायची, एक डावीकडची, एक उजवीकडची. पाचवे हाती येईपर्यंत तिच्या तळव्यांची साले निघाली. तरी तोंडातून शब्द नाही. "काम व्हतं तवा बोलत व्हतीस. आता आमच्याशी बोलून जीभ विटाळती व्हय?" भागूबाईने टोमणा मारला.

तिसऱ्या सोमवारचा खेळ म्हणजे मलाच पालथी घालायची. पोरे या खेळाला खिदळतात. भागूबाईने न सांगताच मला उलटवले. लीलाबाई बुडाली, वर आली, माझी कड धरून, पोटावर सरकत परत आत चढली. ना किंकाळी, ना शिवी.

खरे सांगते, मलाही ती नको होती. कुऱ्हाडीच्या घरची बाई, आणि वर एवढी घमेंड. मी मुद्दामच डुलत होते.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली निगा राखा म्हणून विनवतात. माझे मागणे थोडे वेगळे आहे. राग आला तर ज्याचा राग आला त्याच्याशी बोला. होडीला मारू नका. होडी दोन्ही काठांची असते.

चौथ्या सोमवारी लीलाबाई परडी घेऊन आली. फुलांखाली लुगडे होते. शेवटचा खेळ तांब्याचा. काठोकाठ भरलेला तांब्या पुढ्यात ठेवायचा आणि थेंब न सांडता पलीकडे जायचे. तिने महादेवावरचे तीर्थच तांब्यात भरून आणले होते. ती बसली, वल्हे उचलले, तोच रखमाजी देवळामागून आला.

"लीले, उतर. कुटं निगालीस?"

ती गप्प.

"तिला कशाला इचारता, आबा," भागूबाई म्हणाली. "चार सोमवार झालं, आमालाबी शबुद दिला न्हाई. लय मोटं घर."

"घराचं काय काढतीस? मौन हाये तिचं. सरावणी सोमवारी दिस मावळून जेवल्याबिगर ती घरातबी बोलत न्हाई. तीन सालं झाली."

भागूबाईला हे ठाऊकच नव्हते. वाडीवर असे व्रत कोणी धरत नाही.

रखमाजीने मला ओढायला माझ्या टोकावर हात टाकला. मी हलले. तांब्यातले तीर्थ काठावर थरथरले. तो हात तिथेच थांबला, आणि मग हळूच उचलला गेला.

"परत आलीस तर दार उगडं मिळायचं न्हाई," तो म्हणाला.

लीलाबाईने वाकून त्याला नमस्कार केला. भागूबाई मागे येऊन बसली आणि तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "बगा आबा. मी तिला नेत न्हाई. ती मला नेती."

या वेळी मी डुलले नाही. भागूबाईला काही सांगावेही लागले नाही. लीलाबाईची नजर आधीच उंबरावर होती. तिने डावे पाते पाण्यात घातले, मग उजवे.